अँथ्राक्विनोन: टनाला अर्धा किलो, पण कोणत्या कागदासाठी?

निलगिरी आणि बांबूच्या चिप्स शिजवणाऱ्या लगदा विभागात आम्ही अँथ्राक्विनोन हे लगदा वाढवणारे रसायन बराच काळ वापरले. लाकूड महाग झाले असताना ते डायजेस्टरमध्ये, म्हणजे चिप्स शिजवण्याच्या बंद भांड्यात, घालावे का, असे कोणी विचारले तर मी होच म्हणेन. मात्र कागद कशासाठी जाणार आहे, हे आधी पाहावे.

मात्रा अगदी थोडी लागते: कोरड्या लाकडाच्या ०.०५ ते ०.१ टक्का, म्हणजे टनाला अर्धा ते एक किलो. ही फिकट पिवळी भुकटी पाण्यात विरघळत नाही. प्रयोगशाळेत गरम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ती थोड्या ग्लुकोजबरोबर टाकली की द्रावण लालभडक होते आणि हवेत हलवले की तो रंग उतरतो. डायजेस्टरमध्येही हेच चक्र चालते. एरवी शिजवणीतली अल्कली लिग्निन (लाकडाचे तंतू एकत्र चिकटवून धरणारा घटक) काढताना तंतूंतल्या सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजच्या साखळ्याही टोकाकडून सोलत जाते. अँथ्राक्विनोन त्या टोकाचे ऑक्सिडीकरण करून हे सोलणे थांबवते, त्यात स्वतः क्षपित होऊन विरघळते, मग लिग्निनचे दुवे तोडून मूळ रूपात परतते आणि पुन्हा कामाला लागते. कॅनडात होल्टन यांनी १९७७ मध्ये हा गुण जगापुढे मांडला.

त्याच कप्पा नंबरला (लगद्यात उरलेल्या लिग्निनचे माप) लाकडावर साधारण एक ते तीन टक्के जास्त लगदा मिळतो. शिवाय अल्कली थोडी कमी लागते आणि ब्लॅक लिकरमधले, म्हणजे शिजवणीनंतर उरणाऱ्या काळ्या द्रवातले, घनपदार्थ घटतात. ज्यांचा रिकव्हरी बॉयलर (हा द्रव जाळून रसायने परत मिळवणारा) आधीच पूर्ण भाराने चालतो, त्यांना हा दिलासा लगद्याइतकाच मोलाचा वाटेल.

तक्रार आहे ती पुरवठ्याबद्दल. आमच्याकडे आलेल्या एका खेपेतील तयार द्रवमिश्रणाचा गाळ पिंपाच्या तळाशी घट्ट बसला होता, वरच्या द्रवात अँथ्राक्विनोन जवळजवळ नव्हतेच, आणि हे कळेपर्यंत दोन शिजवण्यांचा कप्पा नंबर चढलेला होता. पिंप उघडल्यावर तळापासून ढवळूनच डोसिंग पंप सुरू करावा.

खाद्यपदार्थांच्या वेष्टनाचा कागद करणाऱ्यांनी मात्र यापासून दूर राहावे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते संभाव्य कर्करोगकारक मानून २ब गटात ठेवले आहे, आणि जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने २०१३ मध्ये अन्नसंपर्काच्या कागदासाठीच्या आपल्या शिफारशींतून ते वगळले. आमचा लगदा लिहिण्या-छापण्याच्या कागदाकडे जात होता. तो वेष्टनाकडे जाणार असता, तर तीन टक्क्यांसाठीही मी ते पिंप उघडले नसते.