घडीचं भिंग, ५ आणि १० पट: सुरवंटांसाठी ५ पटच वापरा

ठाण्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. पावसाळ्यात मुलांना येऊरच्या जंगलात नेलं की पहिला गलका सुरवंटावरून होतो. "बाई, हा खाजवतो का?" मोबाइलच्या फोटोत केसांचा नुसता झुबका दिसतो, त्यावरून काय सांगणार? म्हणून हे भिंग घेतलं. एकाच स्टीलच्या कव्हरात दोन काचा, किंमत पाचशेच्या आत.

दुकानात १० पटीचं कौतुक जास्त झालं. पण १० पट भिंगाचं नाभीय अंतर असतं साधारण अडीच सेंटिमीटर, म्हणजे अळीच्या तेवढं जवळ जायचं. केसाळ अळीशी एवढी सलगी नकोच. ५ पटीला दुप्पट अंतर मिळतं, अळी थोडी हलली तरी ती नजरेतून सुटत नाही, आणि जे बघायचं ते सगळं तेवढ्यात दिसतं.

पाटोणपाड्याच्या बाजूला एरंडाच्या पानाखाली एक काळी अळी होती. नुसत्या डोळ्यांना सगळं अंग सारखंच केसाळ. भिंगातून मात्र प्रत्येक खंडावर बारीक उंचवट्यांची ओळ दिसली, आणि एकेका उंचवट्यातून केसांचा वेगळा गुच्छ. ही टायगर मॉथ पतंगांच्या अळ्यांची ठेवण. एरंड आणि काळा रंग धरून त्यांच्यातल्या ओलेपा या गटापर्यंत पोचता आलं. त्यातली नेमकी जात ठरवायची तर पतंगच हातात हवा, कारण ओलेपाच्या जाती एकमेकींसारख्या दिसतात. त्याच एरंडावर कॉमन कॅस्टर फुलपाखराची अळीही मिळते. तिच्या अंगावर केस नसतात, फाटे फुटलेले काटे असतात, आणि ती काही करत नाही. काटा आणि केस यातला हा फरक मुलांना भिंगातून एका नजरेत कळला. पंधरा मिनिटं फळ्यावर चित्रं काढून तो कळला नसता.

टसॉक मॉथ या पतंगांची अळी तर भिंगाखाली बघावीच. पाठीवर अनेकदा ब्रशसारखे उभे चार झुपके, आणि शेपटाकडे मधोमध दोन छोटे ठिपके, बहुधा नारिंगी किंवा लाल. त्या ग्रंथी असतात. या गटातल्या बऱ्याच अळ्यांच्या केसांनी अंगावर पुरळ उठतं, म्हणून ठिपके दिसले की मुलांना मागे घ्यायचं. केस लागलेच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढा, मग साबणाने धुवा. डोळ्यात गेले तर सरळ डॉक्टरांकडे.

पानाखाली उजेड कमी पडतो, बाजूने टॉर्च धरला की केसांची मुळं स्वच्छ दिसतात. पान काडीने उलटायचं, तोडायचं नाही, आणि अळी डबीत घालून घरी तर मुळीच आणायची नाही. येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं.

आता तक्रारी. कव्हरचा स्क्रू एका पावसाळ्यात गंजला. काच उघडली की ती आपोआप खाली लोंबते, दोन बोटांनी धरून ठेवावी लागते. अडकवायला भोक आहे, दोरी नाही. चिखलात पडलं की संपलं, त्यामुळे दोरी त्याच दिवशी बांधा. काच मात्र चांगली आहे, कडेला रंगीत झालर दिसत नाही.

पाचपैकी चार. नुसतं ५ पटीचं स्वस्तात मिळत असेल तर तेच घ्या.