चार मीटरचं ग्लायडर: लाकडी पंख की मोल्डेड?

दोन-अडीच मीटर पंखविस्ताराच्या रेडिओ-कंट्रोल मॉडेल ग्लायडर्सवर हात बसला आणि आता चार मीटरकडे वळायचंय, अशा टप्प्यावर साधारण दोन वाटा समोर येतात. एक म्हणजे लेझरने कापलेल्या रिब्ज (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या पट्ट्या), स्प्रूसचे स्पार (पंखाचा भार पेलणारे लांब दांडे) आणि बाल्साच्या, म्हणजे अगदी हलक्या लाकडाच्या, शीट्सचा किट. दुसरी म्हणजे साच्यातून रंगासकट निघालेलं फायबरग्लास-कार्बनचं मॉडेल, ज्यात सर्वो (हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटर), वायरिंग आणि लिंकेज (सर्वो त्या भागांना जोडणाऱ्या काड्या) तेवढं आपल्याकडे उरतं. दोन्ही मी बांधलीत, दोन्ही अजून उडवतो. खालचं सगळं त्या अनुभवावरचं आहे.

कुठलं विमान करायचं यावरच बराचसा निर्णय होऊन जातो. १९५७ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या के-८ या माणूस बसणाऱ्या ग्लायडरचे खरे पंखच लाकडी, कापडाने मढवलेले. त्याच्या मॉडेलमध्ये उन्हात फिल्मखालून (इस्त्रीने चिकटवायच्या प्लास्टिकच्या आवरणाखालून) रिब्ज दिसायलाच हव्यात. उलट १९७९ चं एएसके-२१ हे खरं ग्लायडर मुळात फायबरग्लासचं. त्याचा पंखविस्तार १७ मीटर, म्हणजे एक चतुर्थांश प्रमाणात सव्वाचार मीटर. तो गुळगुळीतपणा लाकडावर शीट चढवून, घासून आणता येतो, पण कष्ट फार.

उडण्याच्या बाबतीत मोल्डेडला मानलं पाहिजे. एअरफॉइल, म्हणजे पंखाच्या छेदाचा आकार, टोकापर्यंत जसाच्या तसा उतरलेला असतो. वारा चढला की ते मॉडेल नाक खाली घालून पुढे सरकतं, लाकडी तिथेच रेंगाळतं. डोंगरउतारावर जोरदार वाऱ्यात उडवणारा असाल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, मोल्डेडच घ्या. हलक्या थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, मात्र माझं लाकडी ग्लायडर जास्त वेळ वर राहतं असं मला वाटतं. त्यात वजनाचा वाटा मोठा असावा.

वजनाचा विषय निघालाच आहे, तर शेपटाचं बघा. स्केल, म्हणजे खऱ्याच्या प्रमाणात केलेल्या, ग्लायडरचं नाक आखूड आणि शेपूट लांब. तोलाच्या बिंदूपासून शेपटाचं अंतर नाकाच्या तिप्पट-चौपट असेल तर मागे वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमला तोल साधायला पुढे तीन-चार ग्रॅम शिसं लागतं. लाकडी शेपटात हलका बाल्सा निवडणं, रिब पोखरणं, गोंद बेताने लावणं आपल्या हातात असतं. मोल्डेडचं शेपूट जसं येतं तसं घ्यावं लागतं. शिवाय बॉडीत कार्बन असेल तर रेडिओचा २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल अडतो, अँटेना बाहेर काढाव्या लागतात. ते पाचेक मिनिटांचं काम आहे, त्याचा बाऊ करायला नको.

मैदानावरची जोडणी दोन्हींची सारखीच. जॉइनर (पंख बॉडीला जोडणारा दांडा) सरकवा, पंखाच्या मुळाशी सहा पिनांचा प्लग बसवा, टेप लावा, कंट्रोल्स हलवून बघा.

माझं मन जिथे ठरलं ती गोष्ट कॅटलॉगमध्ये दिसत नाही. मोल्डेड पंखात आत शिरता येत नाही. उतरताना खाली असलेला फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) गवतात अडकून सर्वोचे गिअर जाणं, हे मोठ्या ग्लायडरमध्ये कधी ना कधी होतंच. माझ्याकडे ते मोल्डेडमध्ये झालं. मॉडेलबरोबरच्या सूचनांप्रमाणे सर्वो इपॉक्सीने थेट पंखाच्या आतल्या कातडीला चिकटवलेला होता. खिडकी जेमतेम सर्वोएवढी, लिंकेज पूर्ण आत. छोटा आरसा आणि चिमटा घेऊन पिन काढण्यातच संध्याकाळ गेली. मग पातं घालून सर्वो सोडवताना वरची कातडी आतल्या फोमपासून किंचित सुटली. आजही उजेड तिरपा पडला की पंखावर तिथे एक फुगीर वर्तुळ दिसतं. उडण्यात फरक पडलेला नाही, पण पंख जोडताना माझा अंगठा त्याच जागेवर जातो.

लाकडी पंखात हेच काम फारच सोपं निघालं. दोन रिब्जमधली फिल्म कापली, प्लायच्या पट्टीवरचे स्क्रू काढले, नवा सर्वो बसवला, इस्त्रीने ठिगळ लावलं. आदळल्यानंतरची तपासणीही तशीच. पारदर्शक फिल्मचा पंख उजेडासमोर धरला की तडकलेली रिब डोळ्यांना दिसते. मोल्डेड पंख दाबत, ठोकत, करकर ऐकत अंदाज बांधावा लागतो.

लाकडाचा त्रास नाही असं नाही. बांधायचा पाट अगदी सपाट हवा. टोकाकडे ट्रेलिंग एज (पंखाची मागची कड) किंचित उचलून वॉशआउट, म्हणजे मुद्दाम दिलेला हलका पीळ, द्यायचा आणि पुढची शीट चिकटून डी-बॉक्स (पंखाच्या पुढच्या कडेची बंद पेटी) पक्का होईपर्यंत पंख पाटावरून हलवायचा नाही. घाई केली तर जो नको असलेला पीळ बसतो तो बऱ्यापैकी कायमचा. फिल्म उन्हात सैल पडते, उचलताना बोट आरपार जातं. अख्खा हंगाम बांधण्यात जाऊ शकतो आणि तेवढा वेळ सगळ्यांकडे नसतो हे मान्य. पण ऊन मोल्डेडलाही सोसत नाही. इपॉक्सी तापली की मऊ पडते, म्हणून तर खरी कंपोझिट ग्लायडर्स बहुतेक पांढरी असतात. गडद रंगाचा पंख बंद गाडीत ठेवू नये.

मला विचाराल तर बॉडी फायबरग्लासची आणि पंख लाकडी, हा मेळ बघा. असे किट मिळतात. बॉडीला गोलाई हवी, ती साच्यातूनच चांगली येते. आणि जिथे वारंवार हात घालावा लागतो तो पंख उघडता येण्यासारखा राहतो. माझं पुढचं ग्लायडर याच पद्धतीचं असेल.

तरीही मोल्डेडच घ्यायचं ठरलं, तर सर्वो चिकटवू नका. फ्रेम चिकटवा आणि सर्वो तिच्यात स्क्रूने धरा. लिंकेजची पिन खिडकीतून काढता येते का, हे खिडकी बंद करण्याआधी एकदा काढून बघा. आणि पातळ पंखात बसणारा, त्याच जाडीचा एक सर्वो तेव्हाच जास्तीचा घेऊन ठेवा.