जळका वास, दीडशेचा कन्व्हर्टर आणि ९,२०० रुपयांचं बिल

कॉम्प्युटरमधून जळका वास येतोय म्हणून घरी कोणाला बोलावणार असाल, तर एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा: जळालेला पार्ट डोळ्यांनी बघितल्याशिवाय कॅबिनेट घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. माझ्या वडिलांना कोथरूडच्या घरी ज्या पद्धतीने फसवलं, ते वाचलंत की मी हे इतक्या ठामपणे का सांगतेय ते कळेल. त्या माणसाला दोष सापडला होता. तो त्याने लपवला आणि दुसऱ्याच दुरुस्तीचे पैसे घेतले.

बाबा निवृत्त आहेत, सोसायटीचे हिशेब तेच बघतात. मशीन तासभर चालू राहिलं की मागच्या जाळीतून वायर करपल्यासारखा वास यायचा. बाकी सगळं सुरळीत. घरपोच दुरुस्ती करणाऱ्या एकांचा नंबर त्यांनी ऑनलाइन शोधला. एक मुलगा आला, बाजूचं झाकण काढलं, टॉर्च मारून आत बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "काका, मदरबोर्ड शॉर्ट आहे, त्यानेच एसएमपीएस पण घेतला. आज बोलावलं नसतं तर आग लागली असती." (एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला, सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा.)

बाबा म्हणाले, "अरे, पण मशीन चालू तर होतंय."

"म्हणूनच जास्त धोका, काका."

एकट्याने घरी असलेल्या सत्तरीतल्या माणसापुढे आगीचं नाव काढल्यावर तो दुसरं काय करणार? मशीन त्यांच्या वर्कशॉपमध्ये गेलं. परत आलं ते बिलासकट: मदरबोर्ड दुरुस्ती ५,२००, नवीन एसएमपीएस ३,२००, सर्व्हिस चार्ज ८००.

वास खरंच बंद झाला होता. मात्र 'डी' ड्राइव्ह दिसेना. सोसायटीची जुनी खाती आणि घरातले सगळे फोटो त्याच डिस्कवर. फोन केला तर उत्तर मिळालं, "ती डिस्क पण जायला आलीय, नवी एसएसडी टाकून देतो." बाबांना ते पटलं नाही. शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने झाकण उघडून बघितलं, तर त्या डिस्कची पॉवरची वायर नुसती लोंबत होती. त्याने ती जोडली, डिस्क लगेच दिसली आणि त्याच संध्याकाळी तोच वास पुन्हा आला.

इथे मला काय ते कळलं: वास त्या वायरीचाच होता, आणि ती काढून ठेवूनच तो 'बंद' केला होता. मशीन बंद करून मी ते बुधवार पेठेत तपकीर गल्लीजवळच्या एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी मीटरला हातही लावला नाही. एकेक कनेक्टर काढून नाकाशी धरत गेले आणि त्या डिस्कच्या वायरीपाशी थांबले. "ताई, हे बघा." एसएमपीएसच्या जुन्या पद्धतीच्या प्लगला (मोलेक्स) डिस्कचा नव्या पद्धतीचा प्लग (साटा) जोडून देणारा छोटा कन्व्हर्टर होता तो. त्याचं पांढरं प्लास्टिक एका कडेला तपकिरी पडून फुगलं होतं, आणि पिवळ्या वायरीचं आवरण टोकाशी कडक होऊन तडकलं होतं. डिस्कच्या बाजूच्या पिना वाचल्या होत्या, एवढंच नशीब.

या कन्व्हर्टरचा दोष नवा नाही. साटा पॉवर कनेक्टरच्या पिनांमध्ये अंतर असतं जेमतेम १.२७ मिलिमीटर. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये वायरी साच्यात धरून त्यावर वितळलेलं प्लास्टिक ओततात. त्यात एखादी वायर जराशी जरी सरकली, तरी १२ व्होल्टची लाइन शेजारच्या पिनेच्या फार जवळ येते. मग हळूहळू करंट झिरपतो, प्लास्टिक तापतं, त्याचा कोळसा होतो आणि कोळशातून करंट आणखी वाढतो. पूर्ण शॉर्ट नसल्यामुळे एसएमपीएसचं संरक्षण बऱ्याचदा ट्रिपच होत नाही. ज्या कनेक्टरच्या मागे झाकण असतं आणि प्रत्येक वायर वेगळी दाबून बसवलेली दिसते, तो घ्यावा. काकांनी तसलाच बसवला, दीडशे रुपयांत.

मग वास मागून का येत होता? आमचं कॅबिनेट जुन्या पद्धतीचं, एसएमपीएस वरच्या बाजूला. त्याचा पंखा कॅबिनेटमधलीच हवा ओढून मागे फेकतो. आत काहीही करपलं तरी वास एसएमपीएसच्या जाळीतूनच येणार. गिऱ्हाइकाला "एसएमपीएस गेला" हे लगेच पटतं ते त्यामुळेच. कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा पार्ट, गेला असेल तर वास बहुतेक वेळा माशासारखा, नाकाला झोंबणारा असतो आणि त्याचं सपाट डोकं फुगलेलं दिसतं. बरेच दिवस बंद असलेल्या मशीनमधली धूळ तापली तर वास थोड्या वेळात विरतो. काहीही असलं तरी जळण्याची खूण कुठेतरी राहतेच, आणि जो दुरुस्त करतो त्याला ती दाखवता आली पाहिजे. तुम्ही स्वतः मात्र भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढण्यापलीकडे जाऊ नका. एसएमपीएस तर मुळीच उघडू नका. त्याच्या आतल्या कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतरही ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

सर्वांत संताप आला तो पुढच्या गोष्टीचा. आमचा मूळ एसएमपीएस २०२२ मध्ये पाच वर्षांच्या वॉरंटीसह घेतलेला, बिल फाइलमध्ये आहे. म्हणजे तो खराब असता तरी कंपनीने बदलून दिला असता. चांगला चालणारा तो वर्कशॉपवाल्यांनी काढून घेतला आणि बदल्यात जो दिला त्यावर ४५० वॅट छापलंय, पण लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात फक्त १६ अँपिअर. गुणाकार करा: १९२ वॅट. आजच्या मशीनचा बहुतेक भार १२ व्होल्टवरच असतो, त्यामुळे नवा एसएमपीएस घेताना तोच आकडा बघायचा. मदरबोर्डला तर कुठे सोल्डरिंगचा मागमूसही नाही, असं काकांनी भिंगातून बघून सांगितलं आणि तसं लिहूनही दिलं.

वर्कशॉपवाल्यांच्या बिलावरचा जीएसटी क्रमांकही मी तपासला. तो १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. यांचा १४ च अक्षरांचा निघाला. जीएसटीच्या पोर्टलवर कोणताही क्रमांक टाकून तो कोणाच्या नावावर आहे ते बघता येतं. पैसे देण्याआधी दोन मिनिटांत होणारं काम आहे, मोबाइलवरही होतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ वर, आम्ही तक्रार नोंदवली आहे. सोबत जोडायला दोन्ही बिलं, कन्व्हर्टरचे फोटो आणि काकांची चिठ्ठी आहे. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. तक्रार गेल्यावर वर्कशॉपवाल्यांचा फोन आला: मदरबोर्डचे पैसे परत देतो, तक्रार मागे घ्या, जुना एसएमपीएस भंगारात गेला. एसएमपीएस आणि पूर्ण रक्कम हातात आल्याशिवाय तक्रार मागे घेणार नाही, असं बाबांनी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे.