दोनशे पाकिटं आणि दादरचं एक झेरॉक्सचं दुकान

पाचपैकी चार. एक का कापला ते पुढे येईलच.

दुकानाचं नाव लिहीत नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, "नाव कशाला टाकतेस, आहे तीच गर्दी आवरत नाही." दादर पश्चिमेला उतरून फुलबाजार ओलांडला की एका गल्लीत जिन्याखाली आहे, एवढं पुरे. दोन मोठी मशीनं, एक कटिंगचं यंत्र, छतापर्यंत रचलेली कागदाची रिमं, आणि गणपतीच्या फोटोला रोज ताजा झेंडू. काका आणि एक पोरगा, एवढाच स्टाफ. बाहेर बोर्ड: 'ब्लॅक बुक बाइंडिंग, सोनेरी अक्षरात.' (ब्लॅक बुक म्हणजे कॉलेजच्या प्रकल्पाचं काळ्या पुठ्ठ्यात बांधलेलं पुस्तक.) मार्चमध्ये इथे उभं राहायला जागा नसते, त्यामुळे जायचं तर जानेवारीत जा. मी तेव्हाच गेले होते.

मी मानसशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गातल्या बहुतेकांनी संशोधन प्रकल्पाला मॅडमनी दिलेल्या यादीतला विषय घेतला, चौघाचौघांत वाटून. मला स्वतःचा प्रश्न हवा होता आणि एकटीने करायचं होतं. गाईड मॅडम म्हणाल्या, "कर. पण मार्चमध्ये रडत येऊ नकोस." रडले मी जानेवारीतच, आणि तेही या दुकानाच्या काउंटरवर.

प्रश्न असा. १९८८ मध्ये स्ट्रॅक, मार्टिन आणि श्वार्झ या तिघांनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना दोन गोष्टी विचारल्या: आयुष्यात किती समाधानी आहात, आणि किती वेळा डेटवर जाता. समाधानाचं आधी विचारलं तेव्हा दोन उत्तरांचा एकमेकांशी संबंधच दिसेना, सहसंबंध उणे ०.१२ (शून्य म्हणजे संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण जुळणी). डेटचं आधी विचारलं तर तोच आकडा ०.६६. प्रश्न तेच, फक्त क्रम उलटा. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम इतका दणदणीत निघालेला नाही, म्हणून तर मला तो आपल्याकडे करून बघायचा होता. आता डेटचा प्रश्न मी आमच्या भांडुपच्या सोसायटीतल्या काकूंना विचारला असता तर आईने मला घरातून काढलं असतं. मग डेटच्या जागी मी लोकल घेतली. रोजच्या लोकलच्या प्रवासाबद्दल शून्य ते दहा किती समाधानी, आणि एकूण आयुष्याबद्दल शून्य ते दहा किती समाधानी. 'अ' प्रतीत प्रवास आधी, 'ब' प्रतीत आयुष्य आधी. रोज लोकलने नोकरीला जाणाऱ्या बायका, निम्म्यांना अ, निम्म्यांना ब.

गूगल फॉर्म का नाही, हे मला आत्तापर्यंत सगळ्यांनी विचारलंय. एक तर फॉर्म व्हॉट्सॲपवर टाकला की भरणारे कोण, तर माझ्याच वर्गातल्या मुली आणि त्यांच्या बहिणी. दुसरं, फोनवर बोटाने स्क्रोल करून माणूस खालचा प्रश्न आधी वाचतो की नाही ते मला कळणार नाही. मला कागद हवा होता. एका पानावर एक प्रश्न, पान उलटल्याशिवाय दुसरा दिसता कामा नये.

तर पहिल्या दिवशी मी पेन ड्राइव्हमध्ये वर्डची फाइल घेऊन गेले. काकांच्या कॉम्प्युटरवर उघडली तर 'प्रवास'चा 'प' एकीकडे, 'र' दुसरीकडे आणि मधे एक लोंबकळणारी रेघ. सगळी जोडाक्षरं फुटली होती. "पीडीएफ आणायची," काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "मराठीत काही छापायचं तर पीडीएफ. हे मी दिवसातून वीस वेळा सांगतो." फोनवरून पीडीएफ केली, दिली. पैसे वाचवायला पाठपोट सांगितलं. पहिली प्रत आली आणि काकांनी ती ट्यूबलाइटसमोर धरली. पुढे 'तुमच्या रोजच्या प्रवासाबद्दल' आणि त्यामागून, उलट्या अक्षरांत पण नीट वाचता येईल असं, 'एकूण आयुष्याबद्दल'.

"हे मागचं दिसलेलं चालतं का तुला?"

मला चालत नव्हतं. हाच तर सगळा प्रयोग होता. मी अडीच महिने प्रस्ताव लिहिला, कॉलेजच्या एथिक्स समितीसमोर उभी राहिले, सहसंबंध ०.१ आणि ०.५ यांच्यातला फरक पकडायला एका गटात ऐंशीएक जणी लागतात हे हिशेब करून काढलं, आणि ७० जीएसएमच्या पातळ कागदातून पलीकडचं दिसतं हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. काकांनीच तोडगा काढला. एका ए-फोरवर दोन छोटी पानं, एकाच बाजूला छापायची, जरा जाड ८० जीएसएमवर, मग मधून कापायची. अर्ध्या पानावर मोठ्या टाइपात एकच प्रश्न. खर्च पाठपोटाएवढाच आला.

त्या दिवशी आधी नमुन्याच्या तीसच प्रती घेतल्या. पंधरा अ, पंधरा ब, मशीनमधून निघाल्या तशा एकावर एक. सकाळी आईच्या फोर्टमधल्या ऑफिसात गेले, वरचा गठ्ठा वाटला. संध्याकाळी सोसायटीत उरलेला वाटला. खुशीत मॅडमना दाखवायला गेले. मॅडमनी एकच विचारलं: "सकाळी सगळ्या अ, संध्याकाळी सगळ्या ब? मग फरक पडला तर तो प्रश्नांच्या क्रमाने पडला, ऑफिसने पडला, की दिवसभर लोंबकळून दमल्याने?" तीस फॉर्म बाद. पुस्तकातला 'यादृच्छिक वाटप' (कुणाला कोणती प्रत ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणं) हा शब्द मी तीन परीक्षांत लिहिला होता, व्याख्येसकट.

रडले ती त्या दिवशी. काकांनी पोराला चहा सांगितला आणि काय हवंय ते नीट सांगायला लावलं. मी एक्सेलमधून यादी काढून नेली होती: चार-चारचे पन्नास गट, प्रत्येक गटात दोन अ आणि दोन ब, पण कोणत्या क्रमाने ते कॉम्प्युटरने ठरवलेलं. अ ब ब अ, ब ब अ अ, ब अ अ ब, असं दोनशेपर्यंत. शिवाय मला स्वतःलाही कळायला नको की हातातल्या पाकिटात काय आहे. नाहीतर मी ओळखीच्या हसऱ्या काकूंना नकळत एकच प्रत देत सुटेन. म्हणजे यादीप्रमाणे पाकिटं दुसऱ्या कुणीतरी भरायची, बंद करायची, आणि यादी माझ्यापासून लपवायची.

"पत्ते पिसायचे, पण हिशेबाने," काका म्हणाले. मग रात्री साडेनऊला शटर अर्धं खाली ओढून पोरगा यादी वाचत होता आणि काका खाकी पाकिटात पानं सारत होते. मी बाहेर पायरीवर बसले होते, कान शक्य तितके बंद करून. ब्लॅक बुकवाली दोन पोरं परत गेली. काकांनी यादी पाकिटात घालून चिकटवली, वर सही केली आणि मला म्हणाले, "हे तुझ्या मॅडमला दे, तू उघडू नकोस." डबल ब्लाइंड (कोणती प्रत ते ना देणारीला माहीत, ना घेणारीला) हा शब्द त्यांना मी सांगितला नव्हता.

आता तो कापलेला गुण. संमतीपत्र वेगळं ठेवायचं असतं. त्यावर नाव आणि सही असते. उत्तरांच्या पानांवर नाव नसतं, आणि दोन्ही एकत्र राहता कामा नयेत, नाहीतर 'तुमची ओळख कुणाला कळणार नाही' हे आपणच लिहिलेलं वाक्य खोटं ठरतं. हे मी दोनदा सांगितलं होतं. तरी पोराने सवयीने साठ संच संमतीपत्रासकट ठोकले, आणि पिन अशी की कागद फाटेल पण ती सुटणार नाही. काकांनी फाटलेली पानं पुन्हा काढून दिली, फुकट. पण दोन तास आणि उजव्या अंगठ्याचं नख माझं गेलं. काम देताना 'स्टेपल नको' असं मार्करने गठ्ठ्यावर लिहा. तोंडी सांगून उपयोग नाही.

बिल: पानं छापून ६००, कटिंगचे ४०, पाकिटं २००. आठशे घेतले. रात्रीच्या पाकीटभरणीचे पैसे विचारले तर काका म्हणाले, "बुक बाइंडिंग इथेच कर म्हणजे झालं."

तुलनेसाठी सांगते. त्याआधी मी दुसऱ्या एका दुकानात चौकशी केली होती. तिथल्या माणसाने विषय विचारला, सॅम्पल विचारलं आणि सहज म्हणाला, "वाटत कशाला फिरता मॅडम, दोनशे फॉर्म भरूनच देतो ना. टेबलं, ग्राफ, सगळं." आवाजही खाली केला नाही, जणू लॅमिनेशनचा भाव सांगतोय. दुसऱ्या वर्षाला आम्हाला डीडरिक स्टापेल शिकवला होता. नेदरलँड्समधला नावाजलेला सामाजिक मानसशास्त्रज्ञ, आकडे स्वतःच बनवायचा, २०११ मध्ये पकडला गेला, पन्नासहून जास्त पेपर मागे घेतले गेले. मला तेव्हा वाटायचं, एवढा मोठा माणूस असं कसं करेल. त्या काउंटरवर उभं राहून कळलं की करणं किती सोपं आहे. खोटं कशाला बोलू, दोन सेकंद मीही विचार केला. बाहेर ऊन होतं आणि माझ्या हातात अजून एकही भरलेला फॉर्म नव्हता.

पाकिटं वाटली कुठे, तर हळदीकुंकवांत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत नोकरी करणाऱ्या बायका एका जागी बसलेल्या सापडण्याची खात्रीची वेळ ती. चालत्या डब्यात वाटायला समितीने नाहीच म्हटलं होतं, आणि बरोबरच होतं. एका हाताने कडी धरलेल्या बाईकडून संमतीची सही कसली घेणार? पेन मी वाण म्हणून दिलं, फॉर्म भरला काय आणि न भरला काय. एका आजींनी (रिटायर झालेल्या, म्हणजे माझ्या अभ्यासात बसतच नव्हत्या) आग्रहाने पाकीट मागितलं आणि आयुष्यापुढे दहा लिहून म्हणाल्या, "समाधानी नाही असं लिहायचं असतं होय?" तिथे मी जरा हादरले. 'सॅटिस्फॅक्शन' हा मूळ इंग्रजी शब्द कोरडा आहे. मावशीकडून मराठीचं परत इंग्रजी करून घेतलं तेव्हाही अर्थ जुळला होता. पण आपल्याकडे 'समाधान' म्हटलं की मागे टाळ वाजू लागतात. कमी आकडा लिहिणं म्हणजे देवाकडे तक्रार. हे ब्लॅक बुकात 'मर्यादा' या प्रकरणात जाईल, आणि मला वाटतं तेच त्यातलं वाचण्यासारखं पान असेल.

एकशे एकाहत्तर पाकिटं परत आली. यादी अजून मॅडमच्या कपाटात आहे, डेटा भरून झाल्यावरच उघडायची.

कालच बाइंडिंगचा भाव विचारायला परत गेले होते. काकांनी काउंटरखालून रद्दी प्रतींचा गठ्ठा काढून दिला, कच्च्या कामाला पाठकोरे कागद म्हणून. त्यात एका वाकड्या छापलेल्या संचावर निळ्या बॉलपेनने आकडे होते. प्रवास: २. आयुष्य: ८. काका विरारहून येतात, पहाटे पाच-काहीची गाडी. ते बाई नाहीत आणि प्रश्न त्यांनी दोनशे वेळा वाचलेत, तेव्हा हा फॉर्म कुठेच धरता येत नाही. मी तो घडी घालून फाइलमध्ये ठेवला.

दुकान रविवारी बंद. कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं. पीडीएफ न्या.