टीव्ही की प्रोजेक्टर? कोकणातल्या घरात सिनेमाची खोली करताना

गेल्या महिन्यात धाकट्या चुलतभावाचा डोंबिवलीहून फोन. "दादा, गावच्या घरी एक खोली सिनेमासाठी करून टाकू या. ६५ इंची टीव्ही घेऊ की प्रोजेक्टर?" मी उलट विचारलं, "घर वर्षातून किती दिवस उघडं असतं रे?" तो गप्प. दुकानातला माणूस हा प्रश्न विचारत नाही. पण खारं वारं आणि चार महिन्यांची ओल सोसणाऱ्या आपल्या पट्ट्यात खरेदीची सुरुवात इथूनच करावी लागते.

किमतीवरून फारसं काही ठरत नाही. पन्नास-सत्तर हजारांत दोन्हींत बरं काहीतरी मिळतं. फरक चित्राच्या आकाराचा. ६५ इंची टीव्ही म्हणजे जेमतेम पावणेपाच फूट रुंदी. १०० इंची प्रोजेक्टरचं चित्र सव्वासात फूट रुंद, चार फुटांहून थोडं उंच. टीव्हीला साडेसहा ते साडेआठ फुटांवर बसलं की पुरतं. त्या मोठ्या चित्राला दहा ते तेरा फूट हवेत. शिवाय साधा प्रोजेक्टर पडद्यापासून नऊ ते अकरा फूट लांब टांगावा लागतो. म्हणजे बाळंतिणीची खोली, जी अंधारासाठी पहिल्यांदा डोळ्यांसमोर येते, ती प्रोजेक्टरला पुरत नाही. तिथे टीव्हीच. माजघर असेल तर मात्र प्रोजेक्टरसारखी मजा नाही. जुन्या लोकांनी ते उन्हापासून लपवून मधोमध बांधलं, ते आज आपल्या कामी येतं.

ओटीवर किंवा पडवीत प्रोजेक्टर लावायचा विचार असेल तर सोडून द्या. दिवसा चित्र धुतल्यासारखं दिसतं. आणि स्वस्तातल्या खोक्यांवर दहा-दहा हजार लुमेन (उजेडाचं माप) छापलेले असतात त्यांवर जाऊ नका. ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला 'अँसी लुमेन' हा आकडा विचारा. अंधाऱ्या माजघराला दीड-दोन हजार रग्गड झाले.

आता ओलीचं. चार वर्षांपूर्वी मी आमच्या गुहागर तालुक्यातल्या घरी चांगला ५५ इंची टीव्ही पश्चिमेच्या भिंतीवर टांगला आणि मे संपताना घराला कुलूप लावून पुण्याला गेलो. गणपतीच्या आधी दार उघडलं तेव्हा खोलीभर कुबट वास, टीव्ही लावला तर मधोमध हिरवी उभी रेघ. मागचं झाकण काढल्यावर कोपऱ्यात पालीची दोन अंडी, आणि बोर्डवरचं तांबं देवघरातल्या न घासलेल्या ताम्हनासारखं कळकलेलं. दुरुस्तीवाल्याने बोर्ड बदलायचे जेवढे सांगितले तेवढ्यात लहान टीव्ही नवा आला असता. वॉरंटीवाल्यांनी ओलीचं नाव ऐकताच हात झटकले.

चूक माझीच, आणि दुहेरी. पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते, त्यामुळे पश्चिमेची चिऱ्याची भिंत जून ते सप्टेंबर ओल पीत राहते. टांगायचंच तर आतल्या आडव्या भिंतीवर, मागे दोन बोटं हवा खेळती ठेवून. दुसरी चूक, बंद ठेवला. रोज तास-दोन तास चालणारा टीव्ही स्वतःच्या उबेनं कोरडा राहतो. तेव्हापासून आम्ही इथेच राहायला आलो आहोत, नवा टीव्ही रोज बातम्यांना लागतो, आणि अजून तरी ठणठणीत आहे.

प्रोजेक्टरची गोष्ट निराळी. त्याचा पंखा बाहेरची हवा आत ओढतो, म्हणून खारं वारं आणि धूळही आत जातं. दमट जागी पडून राहिला तर भिंगावर बुरशी धरते. पण तो उचलता येतो! चाकरमान्याला याहून मोठी सोय नाही. सुट्टी संपली की पिशवीत घालून डोंबिवलीला. गावीच ठेवायचा तर पापडांसारखा घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पडदाही गुंडाळून वर टांगता येतो, भिंतीला ओल आली तरी बिघडत नाही.

लाइटच्या बाबतीत टीव्ही सरस. दिवावाल्या जुन्या प्रोजेक्टरला लाइट गेली की पंखाही थांबतो, आणि तापलेला दिवा त्यानं लवकर जातो. इन्व्हर्टर नसेल तर घेऊच नका. एलईडी किंवा लेसर प्रोजेक्टरला ही भीती कमी. वीज कडाडायला लागली की मात्र दोघांचीही पिन काढून ठेवायची, जांभ्या कातळात अर्थिंग नीट लागेलच असं नाही. आषाढात डिशचा सिग्नल जातो तो दोघांचाही, तेव्हा सिनेमे हार्डडिस्कवर असलेले बरे.

आवाजाबद्दल फार लिहीत नाही, कारण पत्र्यावर पाऊस कोसळत असताना सहा स्पीकरही गरीब वाटतात. कौलांचं घर असेल तर त्यातल्या त्यात बरं. गिलावा करून घोटलेल्या भिंती आवाज परत फेकतात. जुन्या गोधड्या, सतरंज्या नि जाड पडदे यांनी निम्मं काम होतं. शोभेसाठी पीओपीचं छत करू नका, दुसऱ्या पावसाळ्यात त्यावर चहाच्या डागांसारखे नकाशे उमटतात. लाकडी मांडणी करायची तर सुताराला आयएस ७१० मार्काचं, म्हणजे पाण्याला टिकणारं, प्लाय सांगा. एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) स्पीकरही जमिनीवर ठेवू नयेत, फुगतात.

बसायला तो फुगीर रिक्लायनर? शहरात ठीक. इथे त्याच्या पोटातलं लोखंड गंजतं आणि वरचं रेक्झिन श्रावणात पांढरी बुरशी धरतं. त्यापेक्षा फणसाच्या लाकडाचा रुंद बाक, त्यावर काथ्याची गादी, आणि खोळी उन्हात टाकता येतील अशा. आमच्या आईची सूचना झोपाळ्याची होती. बसून पाहिलं, अर्ध्या तासात माझं डोकं गरगरलं, ती मात्र मजेत शेंगा सोलत होती.

तर माझं मत असं. वर्षभर माणसं राहतात, संध्याकाळी बातम्या-मालिका लागतात, तिथे आतल्या भिंतीवर टीव्ही. गणपती, शिमगा आणि मे महिना, एवढंच उघडणाऱ्या घरात प्रोजेक्टर, आणि खोलीवर कमीत कमी खर्च, म्हणजे बंद घरात कुजायला फारसं काही उरत नाही. माजघर मोठं आहे आणि माणसंही कायम आहेत, असं नशीब असेल तर दोन्ही.

भावाने प्रोजेक्टर घेतला. आता त्याचा पुढचा प्रश्न: मे महिन्यात अंगणात पडदा बांधायचा कुठे? दोन माडांच्या मध्ये बांध, म्हटलं, पण प्रोजेक्टरचं स्टूल तेवढं नारळांच्या खाली मांडू नकोस.