शिकवता शिकवता लुटणारा मोटरहोमचा कारागीर

जुनी मोटरहोम घेतली की गाडीची दुखणी आणि घराची दुखणी एकदमच पदरात पडतात. इंजिन, ब्रेक, टायर एकीकडे. बारा व्होल्टची वायरिंग, बाहेरून घ्यायच्या विजेची वायरिंग, गॅस, पाण्याचा पंप, गीझर, फ्रीज, छताची गळती दुसरीकडे. प्रत्येकाला वेगळा माणूस लागतो, आणि गाडी गॅरेजला टाकली की राहायचं कुठे हा प्रश्न. त्यामुळे बहुतेक मालक थोडंफार स्वतः शिकायला बघतात. आम्ही नवरा-बायकोनेही तेच ठरवलं, आणि नेमक्या अशाच लोकांवर डोळा ठेवून असलेला एक जण आम्हाला भेटला. त्याचं नाव देत नाही. पद्धत मात्र सविस्तर सांगतो, कारण ती त्याच्या एकट्याची असेल असं वाटत नाही.

'दुरुस्ती करतो आणि शिकवतोही' ही त्याची जाहिरात. शिकवणीचे पैसे वेगळे, सुट्या भागांचे वेगळे, आणि भागांचे आगाऊ. बोलायला एकदम गोड. "मी लपवून काही करत नाही सर. मीटर तुमच्या हातात देतो, आकडा तुम्हीच वाचा." आकडा आम्हीच वाचायचो, तो खराही असायचा. म्हणूनच संशय यायला इतका वेळ लागला.

सुरुवात फ्रीजपासून झाली. मोटरहोममध्ये बहुधा असतो तसा आमचा फ्रीज गॅसवर आणि विजेवर, दोन्हींवर चालणारा. त्यात कॉम्प्रेसर नसतो. मागच्या नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कायमचे बंद केलेले असतात; या नळ्यांच्या संचालाच युनिट म्हणतात. खाली एका ठिकाणी उष्णता दिली की अमोनिया उकळून वर जातो, बाहेर उष्णता टाकून द्रवरूप होतो आणि मग हायड्रोजनमध्ये त्याची पुन्हा वाफ होताना फ्रीजच्या आतली उष्णता ओढून घेतो. खालची उष्णता गॅसच्या ज्योतीने द्या नाहीतर विजेच्या हीटरने. पुढचं सगळं चक्र तेच. हे वाक्य लक्षात ठेवा, आमचे सगळ्यात जास्त पैसे त्यातच बुडाले.

आमचा फ्रीज विजेवर व्यवस्थित गार व्हायचा, गॅसवर मात्र दिवसभरात जेमतेम. त्याने मागची जाळी काढली, गॅसवर चालू केला आणि माझा हात धरून नळीला लावला. "कोमट आहे ना? चांगल्या युनिटला इथे चटका बसतो. आतला अमोनिया गेलाय, युनिट बसलं." नळी खरंच कोमट होती. विजेवर तर चालतोय, असं बायकोने म्हटल्यावर उत्तर तयार होतं: "मॅडम, हीटर जास्त जोर लावतो म्हणून ती शेवटची धुगधुगी आहे." ऐकायला पटण्यासारखं. पण विजेवर फ्रीज गार होतो याचा अर्थ नळ्यांमधला माल शाबूत आहे आणि दोष गॅसच्या बाजूला आहे: जेट (गॅस सोडणारं बारीक छिद्राचं तोंड), बर्नर, धुराडं किंवा गॅसचा दाब. ज्योतच मरतुकडी असेल तर नळी कोमटच लागणार. युनिट खरंच फुटलं असेल तर सहसा अमोनियाचा नाक झोंबवणारा वास येतो आणि मागे पिवळट पूड दिसते, कारण नळ्या गंजू नयेत म्हणून आत क्रोमेटचा क्षार घातलेला असतो. आमच्याकडे ना वास होता, ना पूड. पण हा धडा त्याने शिकवलाच नव्हता.

युनिट बदलायच्या दिवशी आम्हाला लांब पाठवलं. "अमोनियाचं काम आहे, तुम्ही जवळ नको." परत आलो तर नळ्या काळ्या कुळकुळीत, रंगाचा वास अजून ताजा, आणि फ्रीज गॅसवर गार. त्याने आत थर्मामीटर ठेवून दाखवला. जुनं युनिट कुठे, तर "भंगारात दिलं, घातक असतं ते, गाडीत ठेवता येत नाही."

मग बॅटरी. घरभागाची जुनी लेड-ॲसिड बॅटरी त्याने दिवे आणि पंप चालू असतानाच मोजली. ११.९ व्होल्ट. "मेली." लोड चालू असताना बॅटरीचा व्होल्ट खाली उतरतोच. सगळं बंद करून, चार्जिंग तोडून, काही तास विश्रांती दिल्यावर मोजावं लागतं, तेव्हा १२.७ च्या आसपास म्हणजे भरलेली आणि १२.२ च्या आसपास म्हणजे साधारण अर्धी. ते न करता आमच्या गळ्यात १०० अँपिअर-अवरची म्हणून लिथियम बॅटरी मारली. मीटर लावला, १३.३. "बघा, भरलेली आहे, आणि दिवसभर वापरली तरी आकडा हलणार नाही."

आकडा हलला नाही हेही खरं. अशा बॅटरीत असतात त्या लिथियम आयर्न फॉस्फेट सेलचा व्होल्ट मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतो आणि संपत आल्यावर एकदम कोसळतो. पण त्या आकड्यावरून बॅटरी केवढी आहे हे कळत नाही. साडेतीन व्होल्टपेक्षा कमीचे चार सेल एकापुढे एक जोडले की छोट्या बॅटरीतही तोच आकडा आणि मोठ्या बॅटरीतही तोच. आमची रात्र संपायच्या आत दिवे गेले तेव्हा तो म्हणाला, "नवी आहे, चार-सहा वेळा भरू-उतरू द्या, मग खुलते." लिथियम बॅटरी अशी खुलत वगैरे नाही. नवी असतानाच तिने सांगितलेली क्षमता द्यायला हवी.

तिसऱ्या खेपेला मात्र तो अडकला. पलंगाजवळच्या भिंतीत ओल आहे म्हणाला आणि ओल मोजायचं यंत्र काढलं, सुया न टोचता नुसतं टेकवायचं. भिंतीवर टेकवलं की पिरपिर वाजायचं. "आतली लाकडं कुजलीत, भिंत उघडावी लागेल." तो बाहेर फोनवर बोलत असताना बायकोने ते यंत्र उचललं आणि सहज म्हणून सीटखालच्या लोखंडी चौकटीला टेकवलं. तितक्याच जोरात वाजलं. लाकडी टेबलाला लावलं, गप्प. पुन्हा भिंतीला लावलं आणि हळूहळू बाजूला सरकवलं. हातभर अंतरावर आवाज बंद, मग पुन्हा सुरू. भिंतीच्या मागे सामान अडकवायची धातूची पट्टी होती, आणि या प्रकारची यंत्रं धातूवरही वाजतात. तो आत आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुमच्या हिशोबाने आमचं लोखंडही ओलं आहे." काम तिथेच थांबवलं.

त्यानंतर आम्ही त्याचं प्रत्येक काम उलटं तपासायला घेतलं. फ्रीज तोवर गॅसवर पुन्हा मंदावला होता. गॅसचं काम करायचा परवाना असलेल्या एका वयस्कर मेकॅनिकला बोलावलं. हा माणूस कमी बोलणारा, शिकवायची हौस अजिबात नाही. त्याने विचारलं, "विजेवर गार होत होता का?" आम्ही हो म्हटल्यावर तो हसला आणि टॉर्च घेऊन मागे वाकला. युनिट बदलायचं तर आख्खा फ्रीज कपाटातून ओढून काढावा लागतो. त्याआधी चौकटीचे स्क्रू, वायरी आणि गॅसच्या नळीचा जोड सोडवावा लागतो. त्याने टॉर्चचा झोत जोडावर धरला. नटाच्या सहाही कडांवर जुना रंग आणि त्यावर जुनी धूळ; पान्याचा एक ओरखडा नाही. चौकटीच्या स्क्रूंवरच्या प्लास्टिकच्या टोप्याही उन्हाने पिवळ्या पडलेल्या, जागच्या जागी. फ्रीज कपाटातून हललाच नव्हता. आहे त्याच युनिटला काळा रंग फासला होता आणि बर्नरवर हवा मारली होती, म्हणून काही दिवस ज्योत सुधारली. धुराड्यात पिळदार पत्र्याची एक पट्टी तारेने टांगलेली असते, गरम हवा भसकन निघून न जाता तिची उष्णता नळीला लागावी म्हणून. ती पट्टी काढून त्याने परत टांगलीच नव्हती. खालच्या कपाटात सापडली.

जेट काढला तर त्याच्या भोवती गंजाची पूड आणि कोळ्याचं जाळं. जेटचं छिद्र इतकं बारीक की उजेडासमोर धरल्याशिवाय दिसत नाही. ते सुईने कोरू नये, छिद्र मोठं होऊन ज्योत बिघडते. स्पिरिटमध्ये भिजवून फुंकर मारायची. एवढ्या कामासाठी आम्ही जे मोजले होते त्यात नवा फ्रीज निम्मा तरी आला असता.

बॅटरीचा निकाल आम्ही स्वतः लावला. चार्जर आपणहून थांबेपर्यंत ती भरली, चार्जिंगचे सगळे रस्ते तोडले आणि साधारण १० अँपिअर ओढणारा लोड लावून ठेवला. १०० अँपिअर-अवरची असेल तर असा लोड दहा तासांच्या आसपास चालायला हवा. दर अर्ध्या तासाला क्लॅम्प मीटरचा (वायरीभोवती अडकवून प्रवाह मोजायच्या यंत्राचा) आकडा वहीत लिहिला, घड्याळासकट फोटो काढले. पाच तासही झाले नाहीत आणि बॅटरीने मान टाकली. आत काय भरलंय ते बघायला आम्ही ती फोडली नाही, तुम्हीही फोडू नका. लिथियम सेलचं शॉर्ट झालं तर आग लागू शकते. ही वही आणि फोटो पाठवल्यावर त्याने बॅटरीचे पैसे कुरकुरत परत केले. फ्रीजच्या पैशांना हात लावू दिला नाही. युनिट बदललंच आहे, जुनं भंगारात गेलं, हे पालुपद चालूच. जुना भाग ताब्यात नाही, कामाआधीचे फोटो नाहीत, युनिटवरचा क्रमांक टिपलेला नाही, मग भांडायचं कशावर? आता आम्ही कुठलाही भाग बदलायच्या आधी त्याच्यावरच्या क्रमांकाचा फोटो काढतो आणि जुना भाग परत मिळणार हे पैसे देण्याआधी लिहून घेतो. या अटीवर जो कारागीर काम नाकारतो त्याला चहा पाजून परत पाठवावं.

आणि मीटर कुणाचाही असो, आधी उत्तर ठाऊक असलेल्या जागी लावून बघा. ओलीचं यंत्र कोरड्या लाकडाला, व्होल्टमीटर भरून काही तास विश्रांती दिलेल्या चांगल्या बॅटरीला, थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात. शिकवणारा माणूस याला घाईने आडवा आला तर शिकवणी तिथेच बंद करा.

एक गोष्ट त्याने फुकट करून दिली होती, आणि सगळ्यात भयंकर तीच निघाली. गॅसच्या कपाटाच्या तळाला एक जाळीचं भोक होतं. "इथून धूळ येते" म्हणत त्याने ते सीलंटने पक्कं बुजवलं होतं. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. तो बाहेर पडावा म्हणूनच ते भोक ठेवलेलं असतं. वयस्कर मेकॅनिकने फ्रीजला हात लावण्याआधी सीलंट खरवडून काढलं, मग दाब मोजून गॅसच्या सगळ्या लाइनची गळती तपासली. त्याच्या बिलात या खरवडण्याचा उल्लेखही नव्हता.