‘कंपनीच गेली ना साहेब’: बंद झालेली इकोस्पोर्ट घेताना माझी झालेली फसवणूक

नोव्हेंबर २०२४ मध्ये मी पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून २०१८ सालची फोर्ड इकोस्पोर्ट डिझेल ४ लाख ६५ हजारांना घेतली. ती गाडी जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या पुरात टपापर्यंत बुडालेली होती. विमा कंपनीने ती ‘टोटल लॉस’, म्हणजे दुरुस्तीपलीकडची, धरून निकालात काढली होती आणि तिचं मीटर मागे फिरवलेलं होतं. हे कळायला मला सव्वा महिना लागला, आणि तोवर मी बायको-मुलीला तिच्यात बसवून साताऱ्याला जाऊन आलो होतो. पैशांपेक्षा हीच गोष्ट मला जास्त लागते.

ही गाडी मला मनापासून हवी होती. चार मीटरच्या आतली लांबी, २०० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, १०० पीएसचं १.५ लिटर डिझेल इंजिन, दार लावलं की येणारा तो घट्ट आवाज. माझ्या मेहुण्याकडे हीच गाडी आहे, कितीतरी वेळा कोकणात जाऊन आलेली आणि आजही ठणठणीत. ९ सप्टेंबर २०२१ ला फोर्डने भारतातलं गाड्यांचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा सर्व्हिस आणि सुट्या भागांचा पुरवठा चालू राहील असंही सांगितलं होतं. तरी लोक बिचकले आणि जुन्या इकोस्पोर्टचे भाव खाली आले. चांगली गाडी कमी पैशात मिळते आहे, हे माझं गणित तेव्हाही चूक नव्हतं आणि आजही चूक वाटत नाही. माझी चूक वेगळीच होती.

विक्रेत्याने ती बरोबर हेरली. गाडीबद्दल मी जी जी शंका काढली, तिला त्याच्याकडे एकच उत्तर होतं. बाजारात दिसणाऱ्या तशाच गाड्यांपेक्षा हिची किंमत साठ-सत्तर हजारांनी कमी का? “कंपनीच गेली ना साहेब, घेतो कोण?” सर्व्हिसचं पुस्तक कुठे आहे? “त्यांच्या गावचं शोरूम बंद झालं, मग मालकाने बाहेरच सर्व्हिस केली.” म्युझिक सिस्टिम बाहेरची का? “ओरिजिनल आता मिळतच नाही.” पुढच्या दोन सीटची कव्हरं आणि खालचं मॅटिंग कोरं करकरीत कसं? “जुनं मॉडेल आहे, जरा नटवावं लागतं.” विमा फक्त थर्ड पार्टी का? “बंद गाडीला फुल इन्शुरन्स कोण देतो?”

यातलं प्रत्येक उत्तर थोडंसं खरं वाटतं, म्हणूनच ते चालून जातं. हेच प्रश्न मी बाजारात चालू असलेल्या एखाद्या मॉडेलबद्दल विचारले असते, तर त्याला प्रत्येक वेळी वेगळं काहीतरी सांगावं लागलं असतं आणि कुठेतरी मला खटकलं असतं. इथे उत्पादन बंद झालं हे एक कारण सगळ्या खड्ड्यांवर टाकलेल्या फळीसारखं होतं. फळी उचलून खाली काय आहे हे मी पाहिलं नाही.

विम्याचंच घ्या. उत्पादन बंद झालेल्या मॉडेलचा पूर्ण विमा मिळतो. फरक एवढाच, की पाच वर्षांपेक्षा जुन्या किंवा बंद झालेल्या मॉडेलची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरली जाणारी किंमत, ठरलेल्या घसाऱ्याच्या तक्त्याने निघत नाही. ती विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. ही गोष्ट मला माहीत असती, तर ‘मग या मालकाने पूर्ण विमा का घेतला नाही?’ हा पुढचा प्रश्न मी नक्की विचारला असता. पॉलिसीत मध्ये कित्येक महिन्यांचा खंड होता, तोही मी नंतर पाहिला.

गाडी घरी आल्यावर पहिले दोन आठवडे काही नाही. मग सेंट्रल लॉक आपोआप पडायला लागलं. एकदा कोरड्या काचेवर वायपर फिरू लागले. साताऱ्याहून परत येताना खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो आणि हेडलाइट विझले. दोन-तीन सेकंदांनी परत लागले, पण तेवढ्यात मागून ट्रकचा हॉर्न वाजत होता आणि मुलगी मागच्या सीटवर झोपलेली होती. ते दोन-तीन सेकंद मी अजून विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, बॅटरी बदला. मी ओळखीच्या मेस्त्रीकडे गेलो. तो वायरिंगमधला माणूस. त्याने आधी स्कॅनर लावला आणि मला एक आकडा दाखवला. बहुतेक गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्ये एक नोंद राहते: बिघाडाचे कोड शेवटचे पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. माझ्या गाडीत तो आकडा ६४० होता. मी गाडी घेतल्यापासून ६१० किलोमीटर चालवली होती. म्हणजे माझ्या ताब्यात यायच्या जेमतेम तीस किलोमीटर आधी कोणीतरी सगळे कोड पुसले होते. तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा ही एक गोष्ट नक्की बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. हा आकडा अगदी लहान निघाला, तर काय पुसलं आणि का पुसलं हे विचारल्याशिवाय टोकन देऊ नका.

मग त्याने ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. रोज लावताना बेल्टचा जो भाग आतच गुंडाळलेला राहतो, त्यावर मातकट पट्टा होता, सरळ आडवी रेघ. सीटची पट्टी जिथे जमिनीला बोल्टने आवळलेली असते, तिथे गंज. नव्या मॅटिंगखालचा फोम त्याने हाताने दाबला, तेव्हा बोटांना बारीक, रेशमासारखी माती लागली. नदीचा गाळ असाच असतो. डॅशबोर्डखालचे कनेक्टर सोडवले तर तांब्याच्या पिनांवर हिरवा थर. “दादा, ही गाडी पाण्यात होती,” तो म्हणाला. मला वाईट वाटू नये म्हणून तो हे फार हळू बोलला.

बुडालेली गाडी ओळखायची जुनी खूण म्हणजे डिकीतला स्टेपनीचा खड्डा. धुणारे तिथला कोपरा विसरतात आणि गाळ राहून जातो. मी गाडी बघायला गेलो तेव्हा मला ही खूण माहीत होती, पण इकोस्पोर्टची स्टेपनी मागच्या दारावर बाहेर टांगलेली असते. डिकी उघडली, सपाट, स्वच्छ जमीन दिसली आणि माझं समाधान झालं. या गाडीत डिकीच्या बाजूच्या कप्प्यांमागे, मागच्या सीटखाली आणि दारांच्या रबरी पट्ट्यांच्या आत बघायला हवं होतं.

सगळ्यात भयंकर गोष्ट अजून पुढे होती. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. माझ्या गाडीत तो लागतच नव्हता आणि मी कधी लक्षच दिलं नव्हतं. दिवा नाही म्हणजे बिघाड नाही, असंच आपण धरून चालतो. मेस्त्रीने क्लस्टर, म्हणजे स्टिअरिंगसमोरचा मीटर आणि दिव्यांचा संच, उघडला, तर त्या दिव्याचा एलईडीच काढून टाकलेला होता. एअरबॅगचा मॉड्यूल, म्हणजे ती चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, गाडीच्या मध्यभागी अगदी जमिनीलगत असतो, त्यामुळे पुरात तो आधी जातो. स्कॅनरला तो उत्तरच देत नव्हता. म्हणजे आम्ही एकही एअरबॅग उघडणार नाही अशा गाडीत बसून महामार्गावर गेलो होतो आणि हे कोणालातरी ठाऊक होतं. नुसता मीटर फिरवणाऱ्याला मी चोर म्हटलं असतं. हा दिवा काढणाऱ्याला काय म्हणावं, याला माझ्याकडे शब्द नाही.

मीटरचंही कळलं. मी गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली, आणि ही गोष्ट खरेदीआधी का केली नाही, याचं उत्तर मला आजही सापडत नाही. शोरूम बंद झालं तरी चासी नंबरवर कंपनीच्या सिस्टिममध्ये जुन्या सर्व्हिसच्या नोंदी राहतात. शेवटची नोंद जून २०२१ ची, रीडिंग ७१,३४०. मला विकली तेव्हा मीटरवर होते ४८,२००. जून २०२१ नंतर एकही नोंद नाही.

तिथल्या सल्लागार ताईंनी फाइलवरच्या जुन्या नंबरला फोन लावला, समोरच्यांना विचारून मग फोन माझ्या हातात दिला. चिपळूणचे एक निवृत्त गृहस्थ. मी गाडीचा नंबर सांगितला. एमएच-०८, रत्नागिरीचं पासिंग. राज्यातल्या राज्यात मालक बदलला तर नंबर तोच राहतो, त्यामुळे पुण्यात तीन वर्षांनीही तो माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला २०२१ चा पूर आठवला नव्हता. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ती गाडी अजून रस्त्यावर आहे?” २२ जुलैला वाशिष्ठी नदीचं पाणी त्यांच्या सोसायटीत शिरलं, तेव्हा ते वरच्या मजल्यावरून गाडीचा टप दिसेनासा होताना बघत होते. विम्याचे पैसे मिळाले, गाडी टोइंग करून नेली आणि त्यांनी तो विषय मनातून काढून टाकला. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते आणि सांगाडा सॅल्व्हेज, म्हणजे भंगार, म्हणून विकला जातो. तो घेणाऱ्याने सुटे भाग काढून विकावेत हे ठीक. इथे गाडी धुऊन, वाळवून, नटवून परत माणसांसाठी उभी केली होती.

कागदपत्रांत मी आणखी दोन ठिकाणी ढिला पडलो. विक्रेत्याने आरसीचा फोटो मोबाइलवर दाखवला, ‘सेकंड ओनर’ म्हणाला. माझ्या नावावर गाडी झाल्यावर मालकी क्रमांक आला चार. परिवहन खात्याच्या ॲपवर नंबर टाकून हे मला आधीच दिसलं असतं. दुसरं, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर आधीच्या मालकाच्या सह्या होत्या, पण तो मालक मी कधी पाहिला नाही, त्याच्याशी बोललो नाही. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. माझ्या विक्रेत्याकडे ते नव्हतं. दुकानात मागून बघा. नसेल तर तिथूनच परत फिरा.

बंद मॉडेल घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच यांची अडचण मला कुठे दिसली नाही. अडतं ते वायरिंग हार्नेस (वायरींचा पूर्ण जुडगा), मॉड्यूल, क्लस्टर, हेडलाइट यांच्यापाशी. हे भाग मागवावे लागतात, वाट बघावी लागते, आणि दुसऱ्या गाडीतला मॉड्यूल काढून आणला तरी त्याचं प्रोग्रॅमिंग करावं लागतं. म्हणूनच पुरात बुडालेली गाडी बंद मॉडेलची असेल तर दुहेरी मार बसतो: पाण्याने नेमकं तेच खराब होतं, जे मिळायला सगळ्यात अवघड. या डिझेल इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, साखळी नाही. तो कधी बदलला याचं बिल मागा. मीटर खोटं असेल तर बेल्टचं वयही खोटंच निघतं.

मी पोलिसांत तक्रार दिली, भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात शुल्क लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत दावा दाखल करता येतो. सुरुवातीला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तिथे नीट माहिती मिळाली. विक्रेत्याचं म्हणणं, मी ‘गाडी जशी आहे तशी घेतली’ या कागदावर सही केली आहे. सही माझीच आहे. माझ्या वकिलांचं म्हणणं असं, की गाडी कशी आहे हेच जिथे लपवलं, तिथे त्या सहीला अर्थ उरत नाही. दिवा काढलेल्या क्लस्टरचे फोटो, स्कॅनरचा छापील अहवाल आणि सर्व्हिस सेंटरचा लेखी इतिहास, हे तिन्ही आम्ही जोडले आहेत. तुमच्यावर अशी वेळ आली तर दुरुस्तीला हात लावण्याआधी हे तीन कागद करून घ्या, नंतर काही सिद्ध करता येत नाही.

दावा लागल्यावर महिन्याभरात विक्रेत्याचा निरोप आला: दोन लाख घ्या, गाडी परत द्या, विषय संपवू. घरात त्यावर दोन दिवस बोलणं झालं. दोन लाख आम्हाला लहान नाहीत. पण गाडी त्याच्या हाती गेली की आठवड्याभरात ती परत धुतली जाणार, कोड परत पुसले जाणार, आणि कोणीतरी आपली माणसं घेऊन तिच्यात बसणार. बायकोनेच नाही म्हणून कळवलं. गाडी सध्या आमच्या पार्किंगमध्ये बॅटरी काढून, झाकून उभी आहे. तज्ज्ञाकडून तपासणीचा अर्ज आयोगापुढे आहे.